खडकीची लढाई कां झाली?

खडकीची लढाई ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली, हें पुण्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल. ती कां झाली, याविषयीं मात्र एकमत नाहीं. १८०२ च्या वसईच्या तहानें दुसरे बाजीराव इंग्रजांचे आश्रित झाले होते. पुढें पेशव्यांशीं हिशेब मिटविण्यास गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर आले, आणि जुलै १८१५ मध्यें पंढरपुरीं त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनीं त्रिंबकजी डेंगळे यांस दोषी ठरवून ठाण्याच्या किल्ल्यांत अडकविलें. १८१६ मध्यें ते निसटले. अनेक इंग्रज लेखक पेशव्यांच्या कपटाची गोष्ट येथूनच सुरू करतात. ही बाजू अगदींच पोकळ नव्हे. बाजीराव खरोखरच फौज जमवीत होते.

परंतु तपास करणारे व शिक्षा ठरविणारे एकच! शिवाय मे १८१७ मध्यें सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण मागून इंग्रजांनीं जूनमध्यें पुण्याचा तह लादला, व बाजीरावांस मराठेमंडळाचें प्रमुखत्व सोडावें लागलें. असा तह किती दिवस टिकणार? माझ्या मतें खून हें निमित्त. खरें कारण हा तह.

पहिली चाल कोणाची, हेंही सरळ नाहीं. त्या दिवशीं दुपारीं रेसिडेंट संगमावरील बंगला सोडून खडकीच्या फौजेंत गेले; मागोमाग पेशव्यांच्या लोकांनीं तो जाळला, त्यांत एल्फिन्स्टन यांचीं पुस्तकेंही गेलीं. पण हल्ल्याची वाट न पाहतां इंग्रज पलटणी स्वतःच गणेशखिंडीच्या बाजूस पुढें सरकल्या, आणि लढाई जुंपली.