जुन्या संगणक-प्रणाली : मुदतीपूर्वीचे नियोजन

शासकीय कचेरी असो, शाळा असो वा ग्रामपंचायत, दाखले, वेतन देयके व हिशेब यांचे काम आता संगणकावर अवलंबून आहे. यंत्र जीर्ण झाले की ते डोळ्यांना दिसते. त्याला चालविणारे सॉफ्टवेअर जुने झाल्याचे मात्र सहसा लक्षात येत नाही. काल चालत होते तसे ते आजही चालते आणि म्हणूनच त्याच्या नूतनीकरणाचा विषय लांबणीवर पडतो.

देखभालीची मुदत

सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी ठरावीक काळापर्यंत त्यातील दोष दूर करते व सुरक्षा-दुरुस्त्या पुरविते. ही मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. परंतु त्यानंतर उघडकीस येणारे दोष तसेच राहतात आणि त्यांतून घुसखोरांना वाट मिळते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. या सर्व तारखा कित्येक वर्षे आधी जाहीर झालेल्या होत्या. तेव्हा पुरेसा अवधी मिळाला नाही, ही सबब येथे टिकत नाही.

इंग्लंडमधील अनुभव

इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेला एक्सपीसारखी जुनी प्रणाली एप्रिल २०१५ पर्यंत बदलण्याविषयी २०१४ मध्येच कळविण्यात आले होते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने तेथील संगणकांवरील माहिती कुलूपबंद केली. रुग्णालये चालविणाऱ्या २३६ संस्थांपैकी किमान ८१ संस्थांना त्याची झळ पोहोचली. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते. त्याची मुदत तेव्हा संपलेली नव्हती व आवश्यक दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती. मुदत शिल्लक असणे आणि मिळणाऱ्या साहाय्याचा वापर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येते.

नियोजनाचा क्रम

प्रथम नोंदवही तयार करावी. प्रत्येक संगणक, त्यावरील प्रणाली, आवृत्ती, पुरवठादार व मुदतीची तारीख तीत असावी. ज्या प्रणालीवर वेतन, कर वा नागरिकांचे दाखले अवलंबून आहेत, तिला अग्रक्रम द्यावा.

त्यानंतर खर्चाचा अंदाज घ्यावा. सॉफ्टवेअर बदलताना कधी यंत्रही बदलावे लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक त्यास पात्र ठरत नाहीत. हा खर्च आधीच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दाखविला नाही, तर ऐनवेळी तरतूद मिळणे कठीण होते. पैसे भरून मुदतवाढ घेता येते. परंतु विंडोज १० साठी संस्थांना ती जास्तीत जास्त तीन वर्षेच मिळते आणि तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो.

बदलापूर्वी सर्व माहितीची प्रत काढावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत निरुपयोगी असते. मार्चअखेरचे हिशेब किंवा जूनमधील शाळाप्रवेश चालू असताना बदल करू नये. किमान एका महिन्याची देयके जुन्या व नव्या अशा दोन्ही प्रणालींवर तयार करून त्यांचा ताळा पाहावा.

मराठी मजकुराची काळजी

जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. म्हणून तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या, रफार व जोडाक्षरे चुकण्याचा संभव असतो. जन्मनोंदीतील नावात अशी चूक राहिली, तर तिचा त्रास नागरिकाला पुढे शाळेच्या दाखल्यापर्यंत भोगावा लागतो. यास्तव रूपांतरित नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम जाणकार कर्मचाऱ्याकडे सोपवावे आणि त्यासाठी लागणारे दिवस वेळापत्रकात आधीच राखून ठेवावेत.