दोन-दोन झालं तर पुढे कोण?

संघांची बुद्धिबळ स्पर्धा बाद पद्धतीने घेणार असाल तर सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढा. चार पटांवर २-२ झालं तर पुढे कोण जाणार? हॉल, चहा, चषक नंतर बघा. मी हे तळमळून सांगतोय, कारण झालेला मनस्ताप अजून उतरलेला नाही.

२०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदकं जिंकली. त्या संघांत आपल्या नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते. तेव्हापासून आमच्या तालुक्यात पोरांना संघ करून खेळायचं वेड लागलंय. पण ऑलिम्पियाड असतं स्विस पद्धतीचं. तिथे भारत-उझबेकिस्तान २-२ झालं, दोघांना एकेक गुण मिळाला आणि दोघंही पुढची फेरी खेळले. बाद फेरीत ती सोय नाही, कुणाला तरी घरी जावंच लागतं. आणि घरी जायची वेळ आली की माणूस कळतो.

आम्ही घेतलेल्या बाद स्पर्धेचा नियम छापलेला होता. २-२ झाल्यास जिंकलेल्या पटांच्या क्रमांकांची बेरीज करायची, डाव बरोबरीत असेल तर निम्मा आकडा धरायचा. ज्याची बेरीज कमी तो संघ पुढे. बेरीजही सारखी आली तर चौथ्या पटाचा निकाल सोडून मोजायचं, मग तिसऱ्याचा. चारही डाव बरोबरीत सुटले तर यातलं काहीच लागू पडत नाही, म्हणून शेवटी रंग बदलून ब्लिट्झ, आणि तेही सारखं सुटलं तर नाणेफेक. सोडतीच्या वेळी प्रत्येक कॅप्टनला प्रत दिली, सही घेतली. एक प्रत हॉलच्या दारावर लावली.

सकाळी उपांत्यपूर्व फेरीत एका क्लासच्या संघाची २-२ बरोबरी झाली. त्यांनी पहिला आणि दुसरा पट जिंकला होता, म्हणजे बेरीज ३. समोरच्यांची ७. क्लासचा संघ पुढे गेला. क्लासचे सरच कॅप्टन. हरलेल्या संघाची पोरं हिरमुसली तेव्हा हे सर माझ्यादेखत त्यांना म्हणाले, ‘‘नियम म्हणजे नियम. त्यात बोलायचं काय?’’ ती खेड्यातल्या शाळेची पोरं. हात मिळवून गुपचूप एसटी स्टँडकडे गेली.

दुपारी उपांत्य फेरीत परत हाच संघ, परत २-२. या वेळी त्यांचे पट पहिला आणि चौथा, समोरच्यांचे दुसरा आणि तिसरा. तिसऱ्या पटावर समोरून आठवीतली एक मुलगी खेळत होती. हत्ती आणि एक प्यादं जास्त. खेळी करायची, घड्याळ दाबायचं आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसायचं, म्हणजे घाईत भलत्याच मोहऱ्याला हात लागायला नको. शेवटी प्यादं सातव्या घरात गेलं आणि समोरच्या मुलाने डाव सोडला.

बेरीज दोघांची ५. चौथा पट सोडला की २-१. निकाल मुलीच्या संघाच्या बाजूने. पंचांनी तो जाहीर केला आणि सर उभे राहिले. ‘‘पहिला पट आम्ही मारलाय. पहिला पट मारणारा हरतो कसा?’’ मी त्यांच्याच सहीचा कागद समोर धरला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पालक बसले होते त्या बाजूला तोंड करून विचारलं, ‘‘हा नियम केला कुणी?’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. याला नियम पाठ आहे. खरंच शंका असती तर माणूस आधी कागद हातात घेतो. सकाळी याच कागदावर पुढे गेलेला माणूस दुपारी तो कुणी लिहिला हे विचारत होता, आणि ते मला नाही, फी भरणाऱ्या पालकांना ऐकवायला.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पंच विकले गेले’ असा मेसेज फिरला. पंच शेजारच्या तालुक्यातले शिक्षक, स्वतःच्या पेट्रोलने आलेले. त्याहून वाईट म्हणजे हॉलमध्येच त्या मुलीला ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं, ‘‘हिला कागदावर जिंकवलं.’’ तिने डाव पटावर जिंकला होता. हे मी माफ करणार नाही.

म्हणून सांगतो, नियमाबरोबर सोडवलेलं उदाहरण छापा. १ आणि ४ विरुद्ध २ आणि ३, हेच छापा. सही सोडतीला घ्याच, पण प्रत्येक लढतीआधी लाइनअपच्या चिठ्ठीवर परत घ्या. दोन्ही कॅप्टनच्या चिठ्ठ्या एकाच वेळी ताब्यात घ्या, नाहीतर एक जण दुसऱ्याची बघून आपली बदलतो. खेळाडूंचा क्रम स्पर्धेच्या सुरुवातीलाच पक्का करा. दुसरा बसला तर तिसरा, चौथा आणि राखीव एकेक पट वर सरकतील. म्हणजे ऐन वेळी कच्च्या पोराला पहिल्या पटावर बळी द्यायची वाटच बंद.

हरकत लेखीच घ्या, अनामत रकमेसह, निकालानंतर पंधरा मिनिटांत. तीन जणांची समिती नेमा. त्यातल्या कुणाचंही पोर, भाचा किंवा विद्यार्थी स्पर्धेत नको. समितीची नावं आधीच दारावर लावा.

उशिराची मुदतही लिहा. स्पर्धेच्या नियमांत ती लिहिलेली नसेल तर फिडेच्या नियमांनुसार शून्य धरतात, म्हणजे एसटी दहा मिनिटं उशिरा आली की खेळाडूचा डाव गेला. अकरा संघ आले तर सोळाच्या तक्त्यात पाच बाय निघतात. त्या चिठ्ठ्या सगळ्या कॅप्टनसमोर लहान मुलाच्या हातून काढा. मोबाइल बंद, पाण्याची सोय, जादा घड्याळं हे तर हवंच.

पुढच्या वर्षी स्पर्धा होणार आहे आणि नियम हाच राहणार आहे. त्या सरांनाही पत्रक जाईल. त्यांची सही या वेळी त्यांच्या क्लासच्या पालकांसमोर घेतली जाईल.