शाळेत जातोय म्हणजे बरा आहे असं नाही

अगं छोटे, काल फोनवर लेकाबद्दल तू म्हणालीस, “दहा दिवस खोकतोय, पण शाळेत जातोय ना,” आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या चिमीचं अगदी हेच झालं होतं. बारीक ताप, कोरडा खोकला, तरी सकाळी दप्तर लावून कापूरहोळच्या चौकात एसटीला उभी. आम्ही म्हणायचो, हायवेची धूळ, दुसरं काय!

घरात अमॉक्सिसिलिनची उरलेली पट्टी होती, मीच चालू केली. चूक माझीच. डॉक्टरांनी मग समजावलं, हा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू. अमॉक्सिसिलिन जंतूची भिंत पाडतं आणि याला भिंतच नसते! त्याला ॲझिथ्रोमायसिनसारखं औषध लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवून. काही जंतू त्यालाही दाद देत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत दाखवायचं, संकोच करायचा नाही. २०२३ च्या शेवटी चीनमध्ये मुलांच्या दवाखान्यांत गर्दी उसळली, त्यातही हा जंतू होताच.

बहुतेक मुलं सहज बरी होतात, घाबरू नकोस. पण थोड्यांच्या छातीत पाणी होतं, कुणाच्या बारीक श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन बसतात, दम्याच्या मुलांचा दमा उसळतो. चिमीच्या छातीत पाणी झालं. पुण्याला नेताना खेड शिवापूर येईतो तिला एक वाक्य सलग बोलता येईना. दोन शब्द, की थांबून श्वास.

आज रात्री एवढं कर. तो गाढ झोपला की सदरा वर सरकव, दिवा लाव आणि सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. त्याच्या आठ वर्षांच्या वयाला तिसाच्या वर गेलं, किंवा श्वासागणिक बरगड्यांमध्ये खळगे पडत असले, तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात ने. ओठ निळसर दिसले तर सरळ १०८ ला फोन.

आणि धाकटीवरही लक्ष ठेव. घरात एकाला झालं की दुसऱ्याला दोन-तीन आठवड्यांनीही होतं, तोवर आपण विसरलेलो असतो.

मोजलंस की आकडा मला कळव. बारा वाजले तरी चालेल, मी जागी आहे.