तिमोरासो : एका देशी द्राक्षवाणाचे पुनरुज्जीवन

इटलीतील पिडमाँट प्रांताच्या तोर्तोना परिसरात तिमोरासो हा पांढऱ्या द्राक्षाचा जुना देशी वाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर पसरलेल्या फिलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. पुनर्लागवडीच्या वेळी शेतकऱ्यांनी अधिक व खात्रीचे उत्पन्न देणारा कोर्तेझे वाण पसंत केला. फुलगळीमुळे बेभरवशाचा ठरलेला तिमोरासो मागे पडला. मोनलेआले येथील वॉल्टर मासा यांनी घरच्या मळ्यातील तिमोरासोच्या द्राक्षांपासून १९८७ साली स्वतंत्र द्राक्षमद्य तयार केले. गुणवत्ता पटल्यावर परिसरातील इतर कुटुंबांनीही लागवड केली. आज ते ‘देर्तोना’ या तोर्तोनाच्या प्राचीन नावाने विकले जाते. देशी वाणाचे मोल शेतकऱ्याच्या पदरात पडले, तरच तो शिवारात टिकतो, हा यातील बोध ग्रामपंचायतींनी ध्यानात घेण्यासारखा आहे.