मॅसिडोनियाचे नाव : एका सीमावादाचा अभ्यास

बाल्कन द्वीपकल्पातील एका नवोदित राष्ट्रास ८ एप्रिल १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला. मात्र स्वतःच्या नावाने नव्हे. राज्यघटनेत ‘मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ असलेल्या या देशाची राष्ट्रसंघाच्या दप्तरी नोंद झाली ती ‘पूर्वाश्रमीचे युगोस्लाव प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशी. त्याचा ध्वजही तेथे फडकला नाही.

हरकत होती ग्रीसची. ऑटोमन साम्राज्याचा मॅसिडोनिया हा भूभाग १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर ग्रीस, सर्बिया व बल्गेरिया यांत विभागला गेला. सर्वांत मोठा हिस्सा ग्रीसकडे आला आणि थेसालोनिकी बंदरासह तो आजही त्याच नावाने ओळखला जातो. सर्बियाकडील भाग पुढे युगोस्लावियाचे घटक प्रजासत्ताक झाला व १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. शेजाऱ्याने संपूर्ण प्रदेशाचे नाव धारण केले, तर उद्या तो आपल्या प्रांतावर व सिकंदराच्या वारशावर हक्क सांगेल, ही ग्रीसची भीती. उलट, स्लाव भाषा बोलणाऱ्या तेथील जनतेला पिढ्यान्‌पिढ्यांची आपली ओळखच हिरावली जात असल्याचे वाटे. दोन्ही भावना खऱ्या होत्या, म्हणूनच प्रश्न बिकट होता.

फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी लादली. समुद्रकिनारा नसलेल्या देशास थेसालोनिकीचे बंदर मिटणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. १९९५ च्या अंतरिम करारानुसार ध्वजावरील प्राचीन सूर्यचिन्ह बदलले व बंदी उठली. नावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २००८ मध्ये नाटोचे निमंत्रण अडले. यात ग्रीसने कराराचा भंग केला, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०११ मध्ये दिला खरा, पण त्याने नाटोचे दार उघडले नाही.

तोडगा निघाला तो १७ जून २०१८ च्या प्रेस्पा करारात. ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव देशात व परदेशात सर्वत्र वापरावयाचे ठरले. आपल्या परिभाषेत हे नामांतर नसून नामविस्तार होय. भाषेचे ‘मॅसिडोनियन’ हे नाव कायम राहिले. मात्र ती स्लाव भाषाकुलातील असून तिचा प्राचीन ग्रीक संस्कृतीशी संबंध नाही, असे स्पष्टपणे नमूद झाले. आमच्या मते कराराचे मर्म येथेच आहे : एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ आहेत, हे उभयतांनी लेखी मान्य केले. तपशिलाची काळजी इतकी, की वाहनांच्या पाट्यांवरील अक्षरेही करारात ठरवून दिली आहेत.

सार्वमतात मतदारांपैकी सुमारे ३७ टक्केच मतदानास आले. अखेर संसदेने दोन तृतीयांश बहुमताने घटना बदलली आणि फेब्रुवारी २०१९ पासून नवे नाव अमलात आले. मार्च २०२० मध्ये देश नाटोचा सदस्य झाला. मे २०२४ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना केवळ ‘मॅसिडोनिया’ असा उच्चार केला, तेव्हा ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या.