सर्व्हरच्या रोजनिशीला सांडवा हवा

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. पावसाळ्यात धरण भरले, की जादा पाणी सांडव्यावरून खाली सोडतात. सांडवा नसता, तर धरणालाच धोका पोहोचला असता. विद्यार्थिमित्रांनो, संगणकातही अशीच एक साठवण सतत भरत असते. तिला मात्र सांडवा आपणच बांधून द्यावा लागतो.

दहावीच्या निकालाचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा शिक्षण मंडळाच्या पुणे विभागात येतो. निकालाच्या दिवशी राजूरचा विद्यार्थी मोबाइलवर बैठक क्रमांक टाकतो. ती मागणी दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. सर्व्हर निकाल पाठवतो आणि एका फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवतो : मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजता आली, काय मागितले व काय उत्तर दिले. उत्तराचा प्रकार अंकाने लिहितात. २०० म्हणजे मागितलेले मिळाले, ४०४ म्हणजे ते पान सापडले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाला.

या फाइलला ‘लॉग’ म्हणतात. आपण तिला सर्व्हरची रोजनिशी म्हणू या. बिघाड केव्हा सुरू झाला, कोणी चोरवाटेने आत शिरू पाहत होते काय, हे तिच्यावरूनच कळते.

आता थोडे गणित करू. राज्यात दहावीला सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. समजा, प्रत्येकाचा निकाल दोनदा पाहिला गेला, दर वेळी पान, चित्रे वगैरे मिळून १० मागण्या झाल्या आणि सर्व मागण्या एकाच सर्व्हरकडे गेल्या. म्हणजे ३ कोटी ओळी झाल्या. एका ओळीला २०० बाइट धरले, तर ६०० कोटी बाइट, म्हणजे ६ गिगाबाइट झाले! डिस्कवर तेवढी जागा नसेल, तर नवे काहीच लिहिता येत नाही आणि सर्व्हरची इतर कामेही अडतात. निकाल दिल्याच्या नोंदींनीच निकाल देणारा गुदमरतो.

मग रोजनिशी पुसून टाकावी काय? नाही. त्याच दिवशी बिघाड झाला असेल, तर त्याचा पुरावाही नाहीसा होईल. यावर उपाय म्हणजे फाइलींची पाळी लावणे. लिनक्स प्रणालीत हे काम ‘लॉगरोटेट’ नावाचा प्रोग्रॅम करतो. समजा, सात जुन्या वह्या ठेवायच्या आहेत. रोज ठरावीक वेळी सातवी वही फेकायची, सहावीला सातवी म्हणायचे, पाचवीला सहावी, असे करीत चालू वहीला पहिली म्हणायचे आणि कोरी वही उघडायची. जुन्या वह्या दाबून लहानही करतात. नोंदींत तेच तेच शब्द फिरून येत असल्यामुळे त्या पुष्कळदा दहाव्या हिश्श्याइतक्या जागेत मावतात.

येथे एक गंमत आहे. फाइलचे नाव म्हणजे वहीवरची चिठ्ठी. सर्व्हरने वही एकदा उघडली, की तो चिठ्ठीकडे पाहत नाही. नाव बदलले, तरी त्याच वहीत लिहीत राहतो. म्हणून ‘हातातली वही मिट, नवी उघड’ असा इशारा त्याला द्यावा लागतो. उघडी फाइल नुसती पुसली, तर यादीतले तिचे नाव जाते. पण सर्व्हर ती मिटेपर्यंत जागा काही मोकळी होत नाही.

वही रोज बदलावी, की भरली म्हणजे बदलावी? रोजच बदलायची ठरवली, तर निकालाच्या दुपारी रात्र होण्याआधीच डिस्क भरेल. दर १ गिगाबाइटला बदलायची ठरवली, तर त्या एका दुपारी ६ वह्या भरतील आणि मागच्या आठवड्याच्या बहुतेक नोंदी फेकल्या जातील. म्हणून आकाराची मर्यादा घालावी आणि जुन्या वह्या फेकण्यापूर्वी दुसऱ्या सुरक्षित संगणकावर हलवाव्यात. भारताच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात अशा नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. मात्र त्यांत लोकांचे पत्ते व वेळा असतात. त्यामुळे मुदत संपल्यावर, गरज नसेल तर, त्या नष्ट करणेही तितकेच योग्य.

करून पाहा : चार कागदांवर ‘चालू’, १, २ व ३ असे पेन्सिलीने लिहा. आता त्यांची पाळी बदला. सुरुवात ‘चालू’पासून केली आणि एका नावाचा एकच कागद ठेवायचा असा नियम पाळला, तर कोणता कागद हकनाक जातो? म्हणूनच पाळी शेवटच्या वहीपासून का लावतात, हे तुम्हांला आता सांगता येईल.