इंजिनातील पाण्याची गळती : शोध आणि उपाय

काशीत मणिकर्णिकेच्या उत्तरेस पंचगंगा घाट आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच प्रवाहांचा येथे संगम होतो, अशी परंपरागत श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. घाटावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले बिंदुमाधवाचे मंदिर असल्यामुळे महाराष्ट्रातील यात्रेकरूंना हे स्थान विशेष परिचयाचे आहे. कार्तिकात येथे उंच वेळूंवर आकाशदीप लावले जातात, आणि ते पाहण्यासाठी प्रवाशांनी भरलेल्या नावा घाटासमोरून जात-येत असतात. त्यांतील पुष्कळशा नावांना आता इंजिने आहेत. पूर्वी ती बहुतेक डिझेलची असत. २०२१ सालापासून त्यांच्या जागी सीएनजीवर चालणारी इंजिने बसविण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला.

इंधन कोणतेही असो, इंजिन तापते आणि त्याला थंड ठेवावेच लागते. लहान यांत्रिक नौकांमध्ये याची एक सोपी रीत आहे. पंप नदीतील पाणी ओढतो, ते इंजिनाभोवती फिरते आणि तापून पुन्हा नदीत पडते. अशा नौकेच्या बाजूने पाण्याची बारीक धार सतत पडताना दिसते. ती अखंड असेपर्यंत नावाडी निश्चिंत असतो. ती तुटली की त्याने इंजिन तत्काळ बंद करावयाचे असते. त्याच्यापाशी अख्खी नदी आहे, त्यामुळे किती पाणी बाहेर गेले याचा हिशेब त्याला ठेवावा लागत नाही.

मोटारगाडीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. पुण्याहून सुमारे १४०० किलोमीटर धावून आलेली गाडी काशीच्या अरुंद गल्ल्यांमुळे घाटापासून दूर, मोठ्या रस्त्यावरच उभी करावी लागते. ती आपले पाणी बरोबर घेऊन आलेली असते, आणि लहान गाडीत ते अवघे चार ते सहा लिटर असते. तेच पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून पुन्हा इंजिनात असे मिनिटामागून मिनिट फिरत राहते. हे वर्तुळ बंद आहे. म्हणून त्यातील पाणी कमी झाले, तर ते कोठून तरी बाहेर गेलेच असले पाहिजे. गळतीच्या शोधाचा सारा विचार या एका विधानावर उभा आहे.

पाणी कशासाठी?

सिलिंडरमध्ये पेटणाऱ्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाचे हेड बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या गाडीत हे पाणी उकळून वाफ होऊन जात असे, आणि चालकाला ते वरचेवर भरावे लागे. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या, आणि त्यामुळे ९ लिटर पाण्यावर काम भागू लागले. तेव्हापासून पाणी घटणे हा वापराचा भाग न राहता दोष ठरत गेला.

आजच्या गाडीत निव्वळ पाणी नसते. त्यात एथिलिन ग्लायकॉल आणि गंजविरोधी द्रव्ये मिसळलेली असतात. या मिश्रणास गॅरेजमध्ये कूलंट म्हणतात. शिवाय टाकीचे झाकण सुमारे एक वातावरण इतका जादा दाब आत धरून ठेवते. या दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणून झाकण हा केवळ बूच नसून यंत्रणेचा एक भाग आहे. त्याचे रबर निकामी झाले, तर दुसरे कोठेही छिद्र नसताना पाणी उकळून बाहेर जाते.

बाहेरची गळती

तपासणीपूर्वी एक नियम कटाक्षाने पाळावा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकाएकी सुटताच आतील तप्त द्रव कारंज्यासारखा उसळतो आणि तोंड व हात भाजून निघतात. इंजिन बंद करून किमान तासभर थांबावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

पहिली तपासणी सकाळी, थंड इंजिनावर करावी. टाकीवरील वरच्या व खालच्या खुणांच्या दरम्यान पातळी कोठे आहे ते पाहावे. पाणी किती घातले आणि त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे वहीत लिहून ठेवावे. नुसते पाणी ओतत राहणे हा उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि कूलंट पातळ होत जातो.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर डाग पडला असल्यास त्याची जागा, रंग व वास पाहावा. रंगहीन, वासहीन पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते. तो दोष नव्हे. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटांना बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. डाग अगदी पुढे असेल तर रेडिएटर, पट्ट्याच्या बाजूस असेल तर वॉटर पंप, आणि पायाखालचा गालिचा ओला होऊन काच आतून धुरकटत असेल तर हीटर संशयास्पद ठरतो. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की तेथून पाणी झिरपू लागते. ते भोक बुजविणे म्हणजे इशारा देणाऱ्याचे तोंड बांधणे होय.

कित्येकदा गळणारे पाणी गरम धातूवर तेथेच वाळते व पुठ्ठा कोरडाच राहतो. अशा वेळी जोडांवर, होज पाइपांच्या टोकांवर आणि रेडिएटरच्या कडांवर पांढरट किंवा रंगीत खपली शोधावी. खात्रीची परीक्षा दाबपंपाची असते. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हा हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यावा आणि दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. काटा स्थिर राहिला तर नळ्या व जोड बहुधा शाबूत आहेत. मग झाकण स्वतंत्रपणे तपासावे. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर शोध संपला. काटा उतरूनही बाहेर सर्व कोरडे असेल, तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे.

आतली गळती

हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट फाटली की पाण्याची वाट सिलिंडरमध्ये किंवा तेलात उघडते. इंजिन पुरते तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, थंड इंजिन सुरू करताच टाकीत बुडबुडे येणे, होज पाइप थोड्याच वेळात दगडासारखे कडक होणे, एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, तेल दुधाळ होणे, ही त्याची लक्षणे आहेत. कोणत्याही एका लक्षणावर निर्णय देऊ नये. थंडीत थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली निव्वळ दवामुळेही दुधाळ साय जमते. निळ्या रसायनाची परीक्षा अधिक निर्णायक आहे. टाकीतील हवा त्या द्रवातून खेचली असता तो पिवळा पडला, तर जळालेले वायू पाण्यात शिरत आहेत असे समजावे. अशी गाडी चालवू नये. तेलात मिसळलेले पाणी बेअरिंगांचा नाश करते.

दुरुस्ती

सर्वांत स्वस्त कारण आधी दूर करावे. झाकण सदोष ठरल्यास त्याच दाबाचे नवे बसवावे. होज पाइप फुगलेला किंवा चिरलेला असेल, तर तो बदलावा. ज्या नळीवर तो बसतो तिच्यावरील गंज घासून काढावा आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे आवळावी. वॉटर पंप गळू लागला की तो नव्या गॅस्केटसह पुरता बदलणे श्रेयस्कर. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला कारागीर डाग देऊन भोक बुजवीत असत. आजच्या ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या रेडिएटरला तसा डाग देता येत नाही आणि बहुधा तो बदलावाच लागतो. गळती बुजविणारी पूड केवळ घरी पोहोचण्यापुरती मानावी. ती बारीक वाटाही तुंबवते.

गॅस्केट बदलताना हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवून ते वाकले आहे का, हे मोजणे अनिवार्य आहे. ही तपासणी वगळल्यास नवी गॅस्केटही फार काळ टिकत नाही. बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या क्रमाने, सामान्यतः मध्यापासून कडांकडे, मोजक्या बळाने आवळावेत.

वाटेत तापमानाचा काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण उघडावा आणि सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन थंड झाल्यावर, अडचणीत, कोणतेही स्वच्छ पाणी चालेल. परंतु नदीचे पाणी, मग ते गंगेचे का असेना, त्यातील गाळ व क्षारांमुळे रेडिएटरमध्ये कायम ठेवू नये. घरी आल्यावर ते काढून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचे निर्मात्याने सांगितलेले, बहुधा निम्मे-निम्मे, मिश्रण भरावे. भरताना आत अडकलेली हवा काढून टाकावी. नंतर इंजिन तापवून, पुरते थंड करून पातळी पुन्हा पाहावी आणि पुढील आठवडाभर वहीतील नोंद चालू ठेवावी.

काढलेले कूलंट कोठे टाकावे हा प्रश्न गौण नाही. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. उघड्या परातीतील थोडेसे कूलंट चाटल्याने कुत्रे दगावू शकते आणि लहान मुलाच्या जिवालाही धोका होतो. घाटालगतच्या वस्तीत गल्लीचा उतार नदीकडेच असतो आणि तेथील गटारात ओतलेले द्रव्य पायऱ्यांवर स्नान करणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ते घट्ट बुचाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, जुने तेल व कूलंट स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. गाडीतून गेलेले पाणी नाहीसे होत नाही. ते कोठे गेले हे जसे शोधावयाचे, तसे ते कोठे जाणार आहे याचाही विचार दुरुस्ती करणाऱ्यानेच करावयाचा असतो.